बाबांना लकव्याचा झटका, रिपोर्टमध्ये रक्तातली सूज वाढलेली, तरी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. चुकलं का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसता वाचायला येतो, शेतीच्या नाहीतर खाण्याच्या धाग्यावर कधीतरी +१ टाकतो. पण गेले सहा दिवस डोकं फुटायची वेळ आलीय म्हणून लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

बाबा ६७ वर्षांचे. आमच्याकडं या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, त्यामुळं ते ४ वाजता उठून मोटार चालू करून आले, पावणेपाचला आईबरोबर चहा घेतला, चांगले बोलले. ६ वाजता आई गोठ्यात गेली तर हे खाली बसलेले, उजवा हात लुळा, तोंड वाकडं, बोलायला बघतायत पण शब्द नाही. आधी गावातल्या डॉक्टरांकडं नेलं, तिथं सलाईन लावलं आणि "थोडं बघू" म्हणाले, त्यात पाऊण तास गेला. मग गाडी करून मिरज. ८.१० ला कॅज्युअल्टीत, लगेच सीटी, आणि ८.५० ला इंजेक्शन सुरू. थोडं एकदम दिलं आणि उरलेलं तासभर पंपानं.

दुपारपर्यंत हात उचलायला लागले, आम्ही देव पाण्यात ठेवले होते ते बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी परत सीटी केला तर म्हणे जिथं मार बसला होता तिथं बारीक बारीक रक्ताचे ठिपके दिसतायत. तब्येत मात्र त्यामुळं बिघडली नाही. तिसऱ्या दिवशी ताप आणि छातीत कफ, अँटिबायोटिक सुरू केलं.

आता मुद्दा. आमचा एक चुलतभाऊ आहे पुण्याला, कंपनीत आहे, पण मोबाईलवर वाचून वाचून निम्मा डॉक्टर झालाय. त्यानं फाईल बघितली. पहिल्या दिवशीच्या सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशी १२,४००, त्यातल्या न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट १० टक्के. त्यानं भागाकार केला, ८.४ आला. म्हणाला हा एनएलआर, ३ च्या आत पाहिजे, याचा अर्थ रक्तात लई सूज होती आणि अशा माणसाला ते इंजेक्शन दिलं की मेंदूत रक्तस्राव होतो असं रिसर्चमध्ये आहे. आधी सूज उतरवायची, स्टिरॉइड द्यायचं, मग इंजेक्शन. "काकाला यांनी घाई करून रक्तस्राव करवला" असं त्यानं आईसमोर बोलून दाखवलं. सहीचा कागद मी भरला होता. तेव्हापासून आई माझ्याशी नीट बोलत नाही.

आणखी एक, सीआरपी (सूज मोजायची रक्ताची तपासणी) पहिल्या दिवशी १४ होता, तिसऱ्या दिवशी ९.६ आला. म्हणजे कमी झाला ना? मग अँटिबायोटिक चालू केलं कशाला?

कुणी जाणकार असेल तर खरं काय ते सांगा. वाईट असलं तरी चालेल.

बटाटेवडा

बाप रे. बाबांना लवकर आराम पडो. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण रक्ताला सूज येते म्हणजे काय हे आधी कुणीतरी सांगा. पायाला सूज येते, गालाला येते, रक्त तर पातळ असतं, ते सुजणार कसं?

सडेतोड

यात जाणकार कशाला पाहिजे. रिपोर्ट हातात यायच्या आधी हजारो रुपयांचं इंजेक्शन टोचलं, बिल झालं, विषय संपला. चुलतभाऊ बरोबर बोलतोय. आपण प्रश्न विचारत नाही म्हणून यांचं फावतं.

न्यूरो_निवासी

ड्यूटीवरून आत्ता खोलीवर आलोय, त्यामुळे तुटक लिहीन. मी न्यूरॉलॉजीचा शिकाऊ डॉक्टर. बाबांना तपासलेलं नाही, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांचाच शब्द शेवटचा. पण सहीबद्दल आधी बोलतो. ती सही तुम्ही केलीत म्हणून दुपारी हात उचलला गेला असण्याची शक्यता भरपूर आहे, ते मनातून काढून टाका.

बटाटेवडा, प्रश्न चांगला आहे. रक्त सुजत नाही. गुठळीने मेंदूची रक्ताची नळी बंद झाली की पुढच्या भागातल्या पेशी गुदमरतात, फुटतात, आणि त्यांच्या आतला माल बाहेर सांडतो. शरीराला तो धोक्याचा इशारा वाटतो, जसं घरात काच फुटल्यावर सगळे धावत येतात तसं. पांढऱ्या पेशी धावतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर चिकट होतं, लिव्हरला निरोप जातो, तिथे सीआरपीसारखी प्रथिनं तयार व्हायला लागतात. या धावपळीच्या खुणा रक्तात मोजता येतात, म्हणून आपण बोलताना रक्तातली सूज म्हणतो. जुना शब्द दाह, तो जास्त बरोबर आहे.

आता चुलतभावाचं. त्यांनी वाचलंय ते खोटं नाहीये. भरती होताना न्यूट्रोफिल जास्त आणि लिम्फोसाइट कमी असलेल्या पेशंटमध्ये रक्तस्राव आणि अपंगत्व जास्त दिसतं, हे बऱ्याच अभ्यासांत आलंय. न्यूट्रोफिलच्या पोटात एमएमपी-९ नावाचं एंझाइम असतं, ते मेंदू आणि रक्त यांच्यामधली भिंत कुरतडतं. भिंत पोखरलेली, त्यात गुठळी विरघळून रक्ताचा लोंढा परत आला की झिरपणार. इथपर्यंत ठीक. चूक पुढच्या उडीत आहे, "म्हणून थांबायला हवं होतं" यात.

मोठी नळी बंद असताना मेंदूत मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात असा एक हिशोब २००६ साली मांडला गेला, आम्हाला तो पाठ करायला लावतात. सूज "उतरवायला" तुम्ही दोन तास घेतले तर काय उरेल बघा. आणि सूज येतेच कशामुळे? मरणाऱ्या पेशींमुळे. नळी उघडणं हाच सूज कमी करायचा पहिला उपाय. आग चालू ठेवून धूर पंख्याने उडवण्यात काय अर्थ.

सडेतोड, इंजेक्शनच्या आधी हातात असायलाच हवी अशी रक्ताची तपासणी एकच, साखर. कारण साखर खूप उतरली की हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. ती बोटाला टोचून कळते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा प्लेटलेट कमी असल्याची शंका असेल तर तेवढे रिपोर्ट बघतात. सीबीसी, सीआरपीसाठी ताटकळत बसू नये असंच शिकवलं जातं, त्याचा बिलाशी काही संबंध नाही.

रक्तस्रावाचा धोका असतोच, तो कुणी लपवत नाही. १९९५ च्या ज्या अमेरिकन चाचणीवर हे सगळं उभं आहे त्यात ६२४ पेशंट होते, इंजेक्शन दिलेल्यांत ६.४ टक्के लोकांना त्रास देणारा रक्तस्राव झाला, न दिलेल्यांत ०.६. तरीसुद्धा तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरे झालेले लोक इंजेक्शनच्या गटात निदान ३० टक्क्यांनी जास्त निघाले. तेव्हा मर्यादा ३ तासांची होती, २००८ मध्ये साडेचारपर्यंत गेली. तुमचं घड्याळ ६ ला सुरू होत नाही बरं का. शेवटचं धडधाकट कधी बघितलं तिथून धरतात, म्हणजे पावणेपाचचा चहा. ८.५० म्हणजे ४ तास ५ मिनिटं. आणखी पंचवीस मिनिटं कुठे गेली असती तर हे इंजेक्शन बहुधा मिळालंच नसतं. आईंना हे सांगा, चहाची वेळ त्यांना पक्की आठवली म्हणून दिलं गेलं.

सीटीमधल्या बारीक ठिपक्यांबद्दल, त्यामुळे तब्येत ढासळली नसेल तर बहुतेक वेळा ते खराब झालेल्या भागात झिरपलेलं रक्त असतं, मोठी गाठ नसते. दोन्हीला रक्तस्राव हाच शब्द असल्यामुळे घरचे हादरतात.

स्लाइडवाली

डॉक्टरांनी छान लिहिलंय. मी लॅबमध्ये आहे, १९ वर्षं झाली. कृष्णाकाठ दादा, मला तुमच्या सीआरपीचं खटकतंय. छातीत कफ, ताप आणि सीआरपी उतरलेला, असं सहसा जुळत नाही. दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का? आकड्याच्या पुढे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. नाव झाकून फोटो टाकलात तरी चालेल.

खानदेशी_भरीत

तुम्ही निदान दवाखान्यात तरी गेले भाऊ. आमच्या मामाला झटका आला तेव्हा शेजारच्यांनी कबुतर आणलं, त्याचं रक्त काढून हातापायाला चोळलं, ऊब धरते म्हणे. सकाळची गोष्ट, दवाखाना संध्याकाळी. डॉक्टरांनी अंगावरचं ते वाळलेलं रक्त बघून विचारलं अपघात झाला का. नऊ वर्षं झाली, मामाचा हात अजून छातीशीच आहे. आमच्याकडे रक्त म्हटलं की मला तेच आठवतं, रिपोर्टबिपोर्ट नंतर.

कृष्णाकाठ

डॉक्टर, तुमचं आईला वाचून दाखवलं. चहाचं ऐकून रडली. पण बोलली.

स्लाइडवाली ताई, बघितलं. पहिला रिपोर्ट हॉस्पिटलच्या लॅबचा, १४ पुढं एमजी पर लिटर. दुसरा बाहेरच्या लॅबचा कारण त्या दिवशी यांचं मशीन बंद होतं, त्यात ९.६ पुढं एमजी पर डीएल. हे वेगळं असतंय काय?

स्लाइडवाली

तरीच!! दादा, डीएल म्हणजे डेसिलिटर, लिटरचा दहावा भाग. ९.६ ला दहाने गुणायचं, ९६ झाला. म्हणजे १४ वरून ९६. कमी नाही झाला, जवळजवळ सातपट झाला, आणि म्हणूनच अँटिबायोटिक सुरू केलं. हा घोळ मी महिन्यातून दोनदा तरी बघते, नातेवाईक पेढे घेऊन येतात सीआरपी उतरला म्हणून आणि मला सांगावं लागतं की काका युनिट बघा. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवताना आधी युनिट, मग आकडा.

आणि आता दुसरी गोष्ट, जी तुमच्या चुलतभावाच्या नजरेतून सुटली. एनएलआर ८.४ मला फारसा बोलत नाही, पण तो पहिला १४ बोलतो. न्यूट्रोफिल अर्ध्या-पाऊण तासातसुद्धा वाढतात. बऱ्याचशा न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या कडेला चिकटून बसलेल्या असतात, घाबरलात, पळालात, उलटी झाली, दुखलं की अ‍ॅड्रेनलिनने त्या प्रवाहात सुटतात आणि मोजणीत येतात. लिम्फोसाइट कॉर्टिसॉल या ताणाच्या हॉर्मोनमुळे उतरतात. परीक्षेच्या ताणातल्या पोराचा भागाकारसुद्धा थोडा वर गेलेला असतो. दम्याला स्टिरॉइड चालू असेल तर विचारूच नका.

सीआरपीचं तसं नाही, तो लिव्हरने नव्याने बनवावा लागतो. इजा झाल्यावर वाढायलाच सहा-आठ तास लागतात, शिखर दीड-दोन दिवसांनी. तुमच्या बाबांचं रक्त सव्वाआठच्या सुमाराला घेतलं असेल, म्हणजे झटक्याला फार तर साडेतीन तास. एवढ्यात १४ व्हायला वेळच नव्हता. याचा अर्थ शरीरात कुठेतरी सूज आधीपासून होती. बाबांना त्या आठवड्यात काही झालं होतं का? ताप, जखम, खोकला, लघवीची जळजळ?

कृष्णाकाठ

अंगावर काटा आला ताई. दाढ! आठ-दहा दिवस दाढ ठणकत होती, गाल सुजलेला. ऊसतोड चालू होती म्हणून तालुक्याला जायला जमलं नाही, मेडिकलमधनं दुखायची गोळी आणून रेटत होते. बीपीची गोळी पण त्या गडबडीत आठवड्यातनं तीनदाच झाली असेल.

आणि आता एक आठवलं. कॅज्युअल्टीत एक पोरगेला डॉक्टर परत परत विचारत होता, आधी ताप येत होता काय, थंडी वाजत होती काय, हृदयाच्या झडपेचं काही ऑपरेशन झालंय काय. मी त्याच्यावर खेकसलो, अहो हात गेलाय यांचा आणि तुम्ही ताप काय विचारताय. त्यानं शांतपणे छातीला नळी लावून ऐकलं आणि मगच इंजेक्शन मागवलं. दुसऱ्या दिवशी हार्टची सोनोग्राफी पण केली, ती चांगली आली.

न्यूरो_निवासी

स्लाइडवाली, दंडवत. मी तो १४ वाचून पुढे गेलो होतो.

त्या पोरगेल्या डॉक्टरला भेटून एक चहा पाजा. तो काय शोधत होता ते सांगतो, कारण या धाग्यातला खरा अपवाद तोच आहे. मी वर म्हटलं की सूज बघून इंजेक्शन थांबवत नाहीत. एक जागा अशी आहे जिथे थांबवतात. दात, कातडी, कुठूनही जंतू रक्तात गेले आणि हृदयाच्या झडपेवर घर करून बसले तर तिथे जंतूंचा गुच्छ वाढतो, त्याचा तुकडा सुटून मेंदूत अडकतो आणि लकवाच होतो, बाहेरून अगदी सारखा. त्याला एंडोकार्डायटिस म्हणतात. तिथे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं तर मेंदूत मोठा रक्तस्राव व्हायचा धोका इतका की ते द्यायचं नाही असा स्पष्ट नियम आहे. लहानपणी सांधेतापाने झडपा खराब झालेले लोक आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे जास्तच विचारायला हवा. पण तो ओळखतात ताप, थंडी, हृदयातली घरघर, नखांखालचे रक्ताचे ठिपके यांवरून, एनएलआरच्या भागाकारावरून नाही. विचारायला आणि ऐकायला दोन मिनिटं लागतात. तुम्ही खेकसत असताना त्याने ते केलं.

दाढेमुळेच झटका आला असं मी म्हणणार नाही, बीपी आणि चुकलेल्या गोळ्या आहेतच. पण कुठलाही संसर्ग झाल्यावर पुढचे काही दिवस झटक्याचा धोका वाढतो हे माहीत आहे. सुजलेल्या काळात रक्त गोठायला जास्त उतावीळ असतं. कोविडच्या वेळी तरुण माणसं लकवा घेऊन येत होती, डी-डायमर (रक्तात गुठळ्या होत असल्याची खूण) कुठल्या कुठे, ते आठवत असेल.

टिळक_रोड_ते_टोरोंटो

वाचतोय, जबरदस्त धागा, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न वेगळा आहे. इंजेक्शन आधी द्या हे पटलं, पण सूज एवढी वाईट आहे तर इंजेक्शनच्या जोडीला सूज मारायचं औषध का देत नाहीत? संधिवाताला देतातच की. चुलतभावाचा स्टिरॉइडचा मुद्दा म्हणजे अगदीच वेडगळ आहे का?

न्यूरो_निवासी

वेडगळ नाही. त्या वाटेवर मोठमोठे लोक आपटलेत.

नव्वदच्या दशकात एक अँटिबॉडी बनवली, एन्लिमोमॅब. पांढऱ्या पेशी ज्या हुकाला धरून रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात तो हुकच झाकायचा. उंदरांमध्ये झकास. माणसांमध्ये ६२५ जणांवर चाचणी झाली, २००१ मध्ये निकाल आला, औषध दिलेल्यांची अवस्था जास्त वाईट आणि मृत्यूही जास्त. ती अँटिबॉडी उंदराचीच होती, तिच्यामुळे लोकांना ताप आला, म्हणजे सूज कमी करायला गेले आणि वाढवून बसले. मग २००३ ला दुसरं औषध, न्यूट्रोफिल अडवणारं, ९६६ पेशंट, काहीच फरक नाही. अनाकिन्रा नावाचं संधिवाताचं औषध त्वचेखाली दिलं, त्याने रक्तातले सुजेचे आकडे छान उतरले, पेशंट मात्र त्याने जास्त बरे झाले नाहीत. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण यात रिपोर्ट बरा झाला आणि माणूस होता तिथेच राहिला.

कोल्चिसीन या सूज उतरवणाऱ्या औषधाचंही तेच, २०२४ मध्ये चीनमध्ये आठ हजारांवर पेशंटना देऊन बघितलं, तीन महिन्यांत पुन्हा झटका यायचं प्रमाण घटलं नाही. स्टिरॉइड सरसकट सगळ्यांना देऊन काही हाती लागत नाही हे तर जुनंच आहे. फक्त एक दार किलकिलं आहे. २०२४ मध्येच चीनमध्ये मोठी नळी बंद असलेल्या आणि तारेने गुठळी ओढून काढलेल्या पेशंटना तीन दिवस मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं, अपंगत्वाच्या मुख्य मोजमापात फरक पडला नाही, पण मृत्यू आणि रक्तस्राव थोडे कमी दिसले. त्यावरून नियम बदललेला नाही.

का फसतं? माझ्या मते, आणि हे माझं मत आहे, ही सूज दुहेरी आहे. पहिल्या काही तासांत ती भिंती कुरतडते, पण चौथ्या-पाचव्या दिवशी तीच टोळी मेलेल्या पेशींचा राडा उचलते, आणि तो उचलल्याशिवाय डागडुजी सुरू होत नाही. चोर आणि झाडूवाला एकाच गणवेशात. शिवाय मोठ्या झटक्यानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपणहून झोपते, ते कमी झालेले लिम्फोसाइट त्याचीच खूण. त्यात तुम्ही आणखी दाबलंत तर न्यूमोनिया वाट बघतच असतो.

टिळक_रोड_ते_टोरोंटो

आणि गुठळीच्या आत? कुठेतरी वाचलं होतं की पांढऱ्या पेशी जाळं टाकतात वगैरे.

न्यूरो_निवासी

हो, ते माझ्या आवडीचं. २००४ मध्ये बर्लिनच्या एका प्रयोगशाळेत दिसलं की न्यूट्रोफिल मरताना स्वतःचा डीएनए उसवून बाहेर फेकते आणि त्याच्या जाळ्यात जंतू पकडते. पुढे कळलं की तेच जाळं गुठळीतही असतं. आता आपलं इंजेक्शन काय करतं, तर गुठळीतले फायब्रिनचे धागे तोडतं. डीएनएचे धागे त्याला तुटत नाहीत. म्हणजे नायलॉनच्या दोरीत सुतळी मिसळलेली, आणि तुमच्याकडे फक्त सुतळी कापायची कात्री. तारेने बाहेर काढलेल्या गुठळ्या लॅबमध्ये ठेवून त्यावर नुसतं इंजेक्शनचं औषध टाकलं आणि सोबत डीएनए कापणारं एंझाइम टाकलं तर दुसरी गुठळी लवकर विरघळते असं दिसलंय. माणसांवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्यात, पण नेहमीच्या वापरात ते आलेलं नाही, उद्या मेडिकलमध्ये मागू नका.

मोठी नळी उघडली तरी पुढच्या केसाएवढ्या नळ्यांत न्यूट्रोफिल बूच मारून बसतात, हेही उंदरांमध्ये दिसलंय. कालव्याला पाणी सोडलं, पण पाटाच्या तोंडाला गाळ, शेत कोरडं. कृष्णाकाठांना हे जास्त कळेल.

सडेतोड

ठीक आहे, इंजेक्शनच्या बाबतीत माझं म्हणणं मागे घेतो. पण मग बाबांच्या छातीतला तो कफ, म्हणजे न्यूमोनिया? तो तर हॉस्पिटलमध्येच लागला ना? एवढं सगळं माहीत आहे तर पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक का नाही दिलं? इथे निष्काळजीपणा नाही असं म्हणणार का?

आयसीयू_सिस्टर

मी बोलू का यावर, रोजचं आहे माझं.

सगळ्यांना आधीपासून अँटिबायोटिक देऊन बघितलंय हो. नेदरलँडमध्ये अडीच हजार पेशंटवर केलं, २०१५ ला आलं, पेशंट शेवटी जास्त बरे झाले नाहीत. डॉक्टरांनी आम्हाला क्लासमध्ये सांगितलं होतं. न्यूमोनिया होतो तो बहुतेक गिळण्यामुळे. अर्धा घसा लुळा असतो, थुंकी, पाणी चुकीच्या नळीत जातं, आणि डॉक्टर म्हणाले तसं प्रतिकारशक्ती झोपलेली. म्हणून आमच्याकडे गिळायची टेस्ट झाल्याशिवाय तोंडाने थेंब देत नाही. आणि नातेवाईक काय करतात, आम्ही पाठ फिरवली की चमच्याने नारळपाणी. "सिस्टर, घसा कोरडा पडला होता हो." मी कुणावर आरोप करत नाहीये, पण कृष्णाकाठ भाऊ, गावातल्या दवाखान्यात किंवा गाडीत पाणी पाजलं होतं का?

कृष्णाकाठ

पाजलं होतं. गाडीत मीच पाजलं, दोन घोट, आणि ठसका लागला होता.

आयसीयू_सिस्टर

त्यामुळेच झालं असं नाही हं, आपोआप थुंकीनेही होतं आणि तिसऱ्या दिवशी होणं ही तर नेहमीचीच वेळ. मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळी कुणालाही असं झालं तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा आणि शेवटचं चांगलं कधी बघितलं ती वेळ हातावर पेनने लिहून घ्या, मी खरंच सांगते, कॅज्युअल्टीत सगळ्यांना सगळं विसरायला होतं.

बटाटेवडा

हातावर वेळ लिहायची आयडिया भारी आहे. मी आज घरी जाऊन आमच्या आजीच्या फ्रिजवर "तोंड, हात, बोलणं, वेळ" असं चिकटवलं. ती म्हणाली वेळ कसली, मरायची का.

स्लाइडवाली

😀 आजी भारी.

कृष्णाकाठ दादा, पुढचा सीआरपी त्याच लॅबमध्ये करा आणि रोज करू नका. जंतू आटोक्यात आले की तो साधारण १९ तासांत निम्मा होतो, त्यामुळे दोन दिवसांनी केला की कल स्वच्छ दिसतो. ९६ चा ४० झाला तरी माझ्यासारखीला झोप लागते.

कृष्णाकाठ

मंडळी, चार दिवसांनी लिहितोय. सीआरपी त्याच बाहेरच्या लॅबला केला, २.२ आला. मी स्वतः दहानं गुणून २२ केला आणि मग आईला सांगितला. ताप गेला. काल गिळायची टेस्ट पास झाली, घट्ट केलेला चहा दिला, तोंड वाकडं करून "ह्यो च्या हाय व्हय" म्हणाले. पूर्ण वाक्य. उजव्या हाताची बोटं अजून आवळत नाहीत, फिजिओवाले सकाळ-संध्याकाळ येतात.

त्या पोरगेल्या डॉक्टरला भेटलो. त्याला मी आठवतही नव्हतो, म्हणाला रोज कुणीतरी ओरडतंच.

चुलतभावाला हा धागा पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. मग फोन आला, म्हणे माझ्या कंपनीच्या चेकअपमध्ये माझाच एनएलआर ४.१ आलाय, स्लाइडवाली ताईंना विचार काय करू.

स्लाइडवाली

त्यांना म्हणावं आधी सर्दी आहे का ते सांगा.

कृष्णाकाठ

आहे म्हणतोय 🙂

एक राहिलंच. दाढेचं काय करायचं? डेंटिस्ट म्हणाले काढावी लागेल, पण आता अ‍ॅस्पिरिन चालू केलीय, ती पाच दिवस बंद ठेवून या म्हणाले. बंद करू का?

न्यूरो_निवासी

स्वतःहून अजिबात बंद करू नका!! झटका येऊन दहा दिवस झालेत, आत्ता ती गोळी थांबवणं महागात पडू शकतं. दाढ काढायला अ‍ॅस्पिरिन सहसा थांबवावीही लागत नाही, बोळा दाबून रक्त थांबतं. डेंटिस्टना आणि न्यूरोच्या डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, तुम्ही मधे निरोप्या होऊ नका. आणि दाढ तशीच ठेवू नका.

कृष्णाकाठ

उद्याच दोघांना फोन जोडून देतो. बाबा म्हणतायत आधी ऊस जाऊ दे.